मितूचा एसी

दसरा झाला की आमचा फोन गप्प होतो. एप्रिल-मेमध्ये ज्यांनी "नाखवाभाऊ, काहीही करा पण आज या" म्हणून गळ घातलेली असते, तीच माणसं दिवाळीत भाजी मार्केटात दिसली तर ओळख देतीलच असं नाही. राग नाही माझा. थंडीत छत्रीवाल्याला तरी कोण विचारतं? अशात आमच्या बाळकुमच्या मंडळातली पोरं "काका, यंदाच्या अंकात तुमच्या कामाबद्दल लिहा" म्हणून मागं लागली, तेव्हा म्हटलं, सध्या वेळच वेळ आहे, लिहू.

मी जातीचा कोळी. वडील खाडीत जाळं टाकायचे. खाडीचं पाणी काळं पडत गेलं तशी मासळी आटली आणि मी आयटीआयला रेफ्रिजरेशनचा ट्रेड घेतला. वडिलांना वाटलं, पोरगा बर्फाच्या कारखान्यात लागणार. मी वागळे इस्टेटमधल्या एका सर्व्हिसिंगच्या वर्कशॉपमध्ये लागलो आणि लोकांच्या घरचे एसी दुरुस्त करतो म्हणून सांगितलं, तेव्हा ते हसले. "आमी मावरां बर्फान ठेवली, तू आता मानसां ठेव," म्हणाले. पुढं मी स्वतःचं काम सुरू केलं, ठाण्यापासून शहाडपर्यंत स्कूटर फिरवली, आणि गुडघ्यांनी माघार घेतल्यावर गेल्या वर्षीपासून जवळपासचीच कामं घेतो.

एसी गार हवा तयार करतो, असा पुष्कळांचा समज असतो. तसं काही नाही. तो खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. हमालच म्हणा. विंडो एसीत हा सगळा कारभार एकाच पेटीत असतो. पुढचं कॉइल खोलीत, मागचं बाहेर, मध्ये कॉम्प्रेसर, आणि एकाच मोटरच्या दोन टोकांना दोन पंखे. पुढं धूळ बसली की हवा आत खेचली जात नाही, कॉइलवर बर्फ धरतो. मागं धूळ बसली की उष्णता बाहेर पडत नाही, कॉम्प्रेसर तापतो आणि 'खट्' करून बंद पडतो. लोक म्हणतात, "गॅस संपला असेल, भरून टाका." अहो, गॅस काय रॉकेल आहे रोज जळायला? गळती असेल तरच तो कमी होतो. बहुतेक वेळा नुसती धूळ असते.

घरच्या घरी कराल ते एवढंच करा. प्लग काढा, नुसता रिमोट बंद करून भागत नाही. पुढची जाळी उघडून फिल्टर नळाखाली धुवा, सावलीत वाळवा, मग बसवा. पेटी बाहेरच्या बाजूला किंचित कललेली आहे ना ते बघा, नाहीतर पाणी तुमच्या गादीवर. त्याच्या पुढचं आमच्यावर सोपवा, कारण आत कपॅसिटर नावाचा एक डबा असतो, तो प्लग काढल्यावरसुद्धा झटका देतो. मला दिलेला आहे. त्या बोटाला अजून त्याची याद आहे.

माणसं मात्र तऱ्हेतऱ्हेची भेटली. डोंबिवलीला एक काळेकाकू होत्या. त्यांचा फोन आला, "एसी लावला की शेजारच्यांची मासळी आमच्या घरात येते." शेजारी नवीन कुटुंब राहायला आलेलं आणि काकूंकडं कांदासुद्धा चातुर्मासात बंद. एसी बाहेरची हवा ओढतो, हे काकूंनी कुठंतरी ऐकलेलं. मी गेलो, एसी लावला, थोडा वेळ उभा राहिलो. वास खरंच येत होता. पण मासळीचे वास मला कोण शिकवणार? बोंबील वेगळा, सुकट वेगळी, शिळा बांगडा वेगळा. यातलं काहीच ते नव्हतं.

"काकू, ही मासळी नाही. मी कोळी आहे, माझं ऐका."

सोफा ओढला. मागं एसीचा प्लग तपकिरी पडून अर्धा वितळलेला. सॉकेटचं, प्लगचं प्लास्टिक तापलं की कधीकधी हुबेहूब सडक्या मासळीसारखा वास येतो. आणखी थोडे दिवस गेले असते तर सोफा पेटला असता. मी सॉकेट-प्लग दोन्ही बदलले. काकूंनी तो जळका प्लग हातात घेऊन बघितला. मग म्हणाल्या, "म्हणजे मी त्या बाईला उगाच बोलले हो." पुढच्या सर्व्हिसिंगला गेलो, तर शेजारीण त्याच सोफ्यावर बसून काकूंचा चहा पीत होती.

असे किस्से सांगू तेवढे आहेत. पण मी लिहायला बसलो ते मितूसाठी.

तिच्या आईचा, सुजाताचा, पहिला फोन आला तो काही वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात. "काका, आमचा विंडो एसी बंद पडतोय. शहाडला, स्टेशनजवळच्या चाळीत. आज याल का?"

मी म्हटलं, "ताई, आज नाही जमणार, परवा बघतो."

"परवापर्यंत मुलीला अॅडमिट करावं लागेल."

मे महिन्यात लोक वाट्टेल ते सांगतात. पण ही बाई रडत नव्हती की आवाज चढवत नव्हती. एखादी नर्स बोलते तशी बोलत होती. मी कल्याणचं काम अर्ध्यावर सोडून गेलेलो.

पत्र्याची चाळ. एका खोलीच्या भिंतीत जुना, कुठल्यातरी ऑफिसातून काढलेला एसी. दार उघडं होतं. आत मोरीत सात-आठ वर्षांची एक मुलगी ओल्या फ्रॉकमध्ये भिंतीला टेकून बसलेली आणि सुजाता तिच्या डोक्यावर मगानं पाणी ओतत होती. मुलीचे केस विरळ, गाल लालबुंद. तिनं माझ्याकडं बघितलं आणि हसली. दात मोजकेच, आणि तेही टोकदार.

"तिला घाम येत नाही," सुजाता म्हणाली. "जन्मापासून. अंगात घामाच्या ग्रंथीच नाहीत. बाहेर तापलं की ही तापते, एकशे चारपर्यंत जाते. डॉक्टर म्हणाले, याला औषध नाही. गार ठेवा, बस."

"काका," मुलगी म्हणाली, "माझा एसी आतूनच बंद आहे."

आईनंच कधीतरी तिला तसं समजावलं असणार. मुलीचं नाव संघमित्रा, घरी सगळे मितू म्हणायचे. वडील मिलिंद माझ्याच ओळखीच्या वागळे इस्टेटमध्ये प्रेस मशीनवर कामाला. त्यांनी ओव्हरटाइम करकरून तो जुना एसी घेतलेला.

मी प्लग काढून पुढची जाळी उघडली. फिल्टर लखलखीत. "दर आठवड्याला धुते मी," सुजाता म्हणाली. मग शेजारच्या दोघांना हाक मारून आम्ही पेटी सरकवत बाहेर ओट्यावर आणली, आणि मागचं कॉइल बघून मी थक्क झालो. त्यावर निळं ब्लँकेट पांघरलेलं! चाळीच्या मागं बोळ होता, आणि बोळापलीकडं देवकर नावाच्या माणसाचं जीन्स शिवायचं छोटं युनिट. जीन्स कापली-शिवली की निळी भुकटी उडते. ती सगळी एसीच्या बाजूच्या फटींतून आत जाऊन कॉइलवर जाड लोकरीसारखी बसलेली. मी ती हातानं सोलून काढली, ब्रश फिरवला, पाणी मारलं. ओट्यावरून निळा ओघळ गेला. कॉइलच्या वाकलेल्या पात्या त्यासाठीच्या कंगव्यानं सरळ केल्या, पेटी वाळवून परत बसवली. थोड्या वेळात खोली गार झाली. मितू ओल्या फ्रॉकसकट एसीसमोर उभी राहिली, हात पसरून.

मला वाटलं, काम झालं. दुसऱ्या संध्याकाळी परत फोन. "काका, दिवसा ठीक चालला. आता दोन मिनिटं चालतो आणि खट् करून बंद."

गेलो, मीटर लावला. काल तपासलं तेव्हा व्होल्टेज चांगलं होतं, आता एकशे सत्तरच्याही खाली. अख्खी चाळ आणि मागचं शिलाई युनिट एकाच जुन्या केबलवर. संध्याकाळी सगळ्यांचे कूलर, टीव्ही, देवकरच्या मशीन आणि त्याची ती मोठी इस्त्री एकदम चालू व्हायची. एवढ्या कमी दाबावर कॉम्प्रेसर उठणार कसा? स्टॅबिलायझर लावला तर तो बाकीच्यांचंही खेचून घेणार.

मी बाहेर येऊन मीटरची पेटी बघत होतो, तेवढ्यात देवकर आला. पन्नाशीचा माणूस, बनियन घामानं अंगाला चिकटलेलं.

"मिस्त्री, तो डबा बंदच करून टाका एकदाचा," तो म्हणाला. "ह्यांचा एसी लागला की माझी मशीन अडकते. वर त्याची गरम हवा सरळ माझ्या खिडकीत. मी तिथं दिवसभर बसतो. ह्यांना गारवा पाहिजे आणि आम्ही काय भट्टीत मरायचं?"

तो खोटं बोलत नव्हता. एसी उष्णता बाहेर टाकतो म्हणजे कुठं टाकतो, याचा विचार आम्ही मेकॅनिक लोकही करत नाही. खिडकी दिसली की डबा बसवतो. इतकी वर्षं मी किती बोळांत किती गरम हवा सोडली असेल, हे त्या संध्याकाळी पहिल्यांदा माझ्या मनात आलं.

"त्यांच्या घरात आजारी मूल आहे," मी एवढंच म्हटलं.

"आजारी? मला तर कधी दवाखान्यात जाताना दिसली नाही. चाळीत पण येत नाही ती पोरगी. एसीत वाढलेली राजकन्या!"

मी आत येऊन सुजाताला म्हटलं, "ताई, यांना कोणाला माहीतच नाही? सांगा की सरळ. माणसं आहेत, ऐकतील."

ती भाजी चिरत होती. सुरी थांबली. "आधी आम्ही कल्याणला राहायचो. तिथं सांगितलं होतं सगळ्यांना. तिचे दात बघून पोरं तिला चेटकीण म्हणायची. एका बाईनं तर स्वतःच्या सुनेला, ती गरोदर होती, आमच्या दारावरून जायला बंदी केली. मितू तीन महिने घराबाहेर पडली नाही. म्हणून तर इथं आलो. इथं कोणाला काही सांगायचं नाही, असं ठरवलंय आम्ही."

मी तिला तात्पुरते उपाय सांगितले: पत्र्यावर ओली पोती टाका, संध्याकाळच्या वेळी मितूला मोरीतच ठेवा. सांगताना माझी मलाच लाज वाटत होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, भर दुपारी, तिसरा फोन. या वेळी सुजाताचा आवाज नर्ससारखा नव्हता. "एसी मेलाय पूर्ण. लाइटच येत नाहीये त्याला. मितू डोळे उघडत नाही नीट."

मी नशिबानं उल्हासनगरातच होतो. पोहोचलो तर एसीला करंटच नव्हता, घरातला पंखा मात्र चालू. एसीची लाइन वेगळी घेतलेली होती. मीटरच्या पेटीशी गेलो. त्या लाइनचा फ्यूज जागेवर नव्हता. जळलेला नाही, तुटलेला नाही. कोणीतरी उपसून नेलेला.

कोणी नेला हे सांगायची गरज नव्हती. बोळापलीकडून मशीनचा आवाज येत होता, आज न अडकता, सलग.

माझ्या पिशवीत दुसरा फ्यूज होता. तो बसवला असता तर काम भागलं असतं, त्या दिवसापुरतं. मी सुजाताला म्हटलं, "मी दुसरा घालतो. पण उद्या हाही जाईल."

तिनं माझ्याकडं बघितलं, मग मितूकडं. एक ओली चादर घेतली, मितूभोवती गुंडाळली, तिला कडेवर घेतलं आणि अनवाणी बोळात उतरली. त्या बोळात पाय भाजत होते. फ्यूज हातात तसाच घेऊन मी मागोमाग. ती देवकरच्या दारात जाऊन उभी राहिली. आत चार मशीन, निळ्या कपड्यांचे ढीग, देवकर आणि त्याची बायको दोघंही घामाघूम.

"दादा," सुजाता म्हणाली, "हिच्या कपाळाला हात लावा."

देवकर उठला नाही. "फ्यूजचं म्हणत असाल तर..."

"फ्यूजचं नाही म्हणत. हात लावा फक्त."

तो उठला. भांडणाच्या तयारीनंच उठला. मितूच्या कपाळावर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला. मग परत ठेवला. तिच्या मानेला, पाठीला लावला. सगळीकडं कोरडं, आणि तव्यासारखं तापलेलं.

"अगं, ही... हिला घाम नाही?"

"येतच नाही. म्हणून एसी आहे, दादा. शौक नाही तो." मग तिनं मितूचे ओठ बोटानं जरा बाजूला केले. "दात पण असेच आहेत तिचे. बघून घ्या. लपवत होते मी. आता काय लपवायचं?"

देवकरच्या बायकोनं शिवता शिवता हातातलं सोडलं, आतून पाण्याची बादली आणली आणि काही न विचारता मितूला त्यांच्या दारातच अंघोळ घालायला लागली. देवकर एका मशीनच्या खणाशी गेला. फ्यूज काढला आणि माझ्या हातात दिला. माझ्याकडं बघितलं नाही. "मिस्त्री, पळा," म्हणाला. आणि सगळ्या मशीनचं बटण स्वतःच बंद केलं.

मी पळालो. गुडघे तेव्हा साथ देत होते.

मितू संध्याकाळपर्यंत शुद्धीवर आली, हसती झाली. त्या संध्याकाळी सुजाताच्या ओट्यावर बायका जमल्या. कोणी दह्याचं भांडं आणलं, कोणी कलिंगड. चांगलंच बोलल्या सगळ्या, असं नाही. एकीनं "पुढं लग्नाचं कसं व्हायचं हिच्या?" असं विचारलंच, आणि दुसरीनं तिला तिथल्या तिथं गप्प केलं. देवकर आला तो सगळ्यात शेवटी. सुजाताच्या पुढ्यात उभा राहिला. पण म्हणाला मितूलाच, "बाय, चुकलो गं."

पुढचं काम मग कामासारखं झालं. मी पत्रा वाकवून एसीच्या मागं एक नळकांडं बसवलं, म्हणजे गरम हवा देवकरच्या खिडकीत न जाता वर जाईल. बाजूच्या फटींवर मच्छरदाणीची जाळी लावली, निळी भुकटी अडकायला. ती जाळी झटकायचं काम देवकरनं आपण होऊन घेतलं. इस्त्री तो पहाटे करायला लागला. आणि सगळी चाळ मिळून वीज ऑफिसात जाऊन बसली. एकटा मिलिंद आधी दोनदा जाऊन आलेला, त्याला कोणी दाद दिली नव्हती. आता वीस-बावीस माणसं, त्यात आवाज देवकरच्या बायकोचा. लाइनमन आला, खांबावरचा सांधा जळून कोळसा झालेला निघाला, तो बदलला. केबल नवी पडायला पुढचं वर्ष उजाडलं, पण मितूचा एसी त्यानंतर 'खट्' करून थांबला नाही.

मी तिथं सर्व्हिसिंगला जात राहिलो. एकदा गेलो तर देवकर मितूचं माप घेत होता. पातळ सुती कापडाचं, दोन पदरी, बिनबाह्यांचं जाकीट. भिजवून घालायचं. सुकलं की परत भिजवायचं. "जीन्स शिवून शिवून हात जाड झालेत," तो म्हणाला, "पण हे जमेल." ते जाकीट घालून मितू पहिल्यांदा उन्हाळ्यात शाळेत गेली. शाळेतल्या पोरांनी दातांवरून चिडवलंच. पण चाळीतली चार पोरं तिच्या वर्गात होती आणि ती भांडायला पक्की होती.

मग एका एप्रिलमध्ये सुजाताचा फोन आला. मला वाटलं एसी. ती म्हणाली, "काका, एसी मस्त आहे. जयंतीच्या मिरवणुकीला या. मितू येणार आहे."

दर वर्षी मितू खिडकीच्या काचेआडून ढोल ऐकायची, हे मला माहीत होतं. मी गेलो. संध्याकाळ होती, पण रस्ता अजून तापलेला. निळे झेंडे, पांढऱ्या साड्या, ढोल-ताशा. मितू जाकीट घालून पोरींच्या घोळक्यात नाचत होती, आणि तिच्या मागं मागं, दोन हातांत पाण्याच्या बाटल्या धरून, पोट सांभाळत देवकर चालत होता. ती मधूनच वळून "काका, पाणी!" म्हणायची. तो बाटली तिच्या डोक्यावर उपडी करायचा. ती ओली होऊन परत घोळक्यात.

सुजाताचं लक्ष मिरवणुकीत नव्हतंच. ती एकसारखी मुलीचं कपाळ चाचपायला धावत होती. पांढरी साडी पाठीला चिकटलेली, चेहऱ्यावरून धारा लागलेल्या. कोपऱ्यावर मिरवणूक जरा थांबली तशी मितू धावत आईजवळ आली. सुजाता हात पुढं करणार, तेवढ्यात मितूनंच आपल्या ओल्या जाकिटाचं टोक धरून आईचं कपाळ पुसलं, गाल पुसले, हनुवटी पुसली. मग जरा लांब होऊन तिच्याकडं टक लावून बघत राहिली.

"आई," ती म्हणाली, "तुला किती छान घाम येतो गं!"

ढोल परत सुरू झाला आणि ती पळाली. सुजाता तिथंच उभी होती. या वेळी ती तिच्यामागं धावली नाही.